कर्ण्याची पाठ

ग्रामपंचायतीच्या छतावरचा गंजका कर्णा काल खाली उतरवला. सरपंच कौतुकानं म्हणाले, "गुरुजी, गावचा पहिला रेडिओ ह्यातनंच बोलायचा. रंगवून चौकात लावू. त्या दिवशी दोन शब्द तुम्ही बोला."

त्या कर्ण्याचं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आमच्या वस्तीला कायम त्याची पाठच दिसायची. तोंड पाटील गल्लीकडं. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की आई भाकरी थापता थापता थांबून कान द्यायची, आणि तिला नुसती घरघर ऐकू यायची. वडील एकदा ह्या सरपंचांच्या आजोबांना म्हणाले, "कर्णा जरा इकडं वळवा की." आजोबा हसले. "तुम्हाला शेती कुठाय, ऐकायला?" त्यांच्या शेतात राबत होतो मात्र आम्हीच.

रेडिओनं खेडी जागी केली म्हणतात. म्हणोत बापडे. हवेतून येणारा आवाजसुद्धा माणसं बघून वळवता येतो, एवढं मला ह्या पत्र्यानं शिकवलं.

"मग, बोलणार ना गुरुजी?"

"बोलतो की," मी म्हणालो. "फक्त तुमच्याकडं पाठ करून बोलेन."