जुनूनचं मूळ आणि तलअतचं स्थळ

वजाहतचाचा लखनौत, नख्खास बाजारात शेरवान्या शिवतात. माप देताना गिऱ्हाईक हात पसरून उभं राहतं. तेवढ्यात चाचांना एखादा शब्द आठवतो आणि ते त्या शब्दाचं कूळ सांगू लागतात. गिऱ्हाईकाचे हात तसेच. शब्द संपेपर्यंत ते खाली घ्यायचे नाहीत, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे.

त्यांच्या मुलीची, तलअतची दोन स्थळं यापायीच गेली. पहिल्या मुलाच्या वडिलांना चाचांनी त्यांच्या आडनावाचा खरा अर्थ सांगितला. दुसऱ्यांना बोलण्याच्या नादात जेवायला वाढायचंच राहिलं.

तिसरं स्थळ बाराबंकीचं. आदल्या दिवशी कैसरचाचींनी मला बोलावलं.

"तू उर्दूत एम.ए. आहेस ना? मग उद्या यांच्या शेजारी बस. शब्दांवर घसरले की चिमटा काढ."

"जोरात?"

"अस्तरातून लागेल इतका."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, अदनान, खाली मान घालून बसला होता. त्याची आई मोहसिना बेगम चहा ढवळत म्हणाल्या, "याची एकच खोड आहे. पतंगांचं जुनून."

चाचांचा कप ओठांपाशी थांबला. मी चिमटा काढला. त्यांनी मांडी सरकवली.

"जुनूनला आपण वेड म्हणतो, बहन. पण मूळ अरबी अर्थ आहे झाकणं. अक्कल झाकली गेली तो मजनून. डोळ्यांना दिसत नाही तो जिन. झाडांनी जमीन झाकली की ती बाग, जन्नत. आणि आईच्या पोटात झाकलेलं बाळ, ते जनीन."

पहिल्याच भेटीत पोटातलं बाळ. चाचींनी ओढणी तोंडाला लावली. पडद्यामागे तलअतच्या हातून बशी पडली.

दुसरा चिमटा मी विसरलो. जुनूनवर मी साठ पानांचा प्रबंध लिहिला होता. यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

मोहसिना बेगमनी चहा ढवळणं थांबवलं.

"अदनानच्या आधी एक होतं," त्या म्हणाल्या. "पाचव्या महिन्यात गेलं. कुठे पुरलं तेही मला कुणी सांगितलं नाही. म्हणाले, जे पाहिलंच नाही त्याचं काय रडायचं." त्यांनी कप खाली ठेवला. "त्याला शब्द आहे होय, भाईसाहेब?"

"आहे," चाचा म्हणाले. आणि पुढे काहीच बोलले नाहीत. हे मी प्रथमच पाहत होतो.

अदनाननं मान वर केली. त्यालाही हे आजच कळत होतं.

मोहसिना बेगमनी डोळे पुसले, ताटलीतली बर्फी उचलली आणि चाचींसमोर धरली. "तोंड गोड करा, बहन. आमचा होकार. आमच्या घरात कुणी बोलतच नाही. एक तरी व्याही बोलका असू दे."

बर्फी मोठी होती. चाचींचं तोंड भरलं. चाचांनी ते नीट पाहून घेतलं.

"आता दीवाना हा शब्द घ्या, बेटा," ते अदनानकडे वळून म्हणाले. "यात एक राक्षस बसलाय. फारसीतला दीव."