बेडक्याची वाट पाहताना

माझा खोकला थांबला तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. त्या आनंदात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही: खोलीतून बाहेर पडायचे तर मला खोकला लागणार होता.

मला झालेला टीबी नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा होता. तो कुठून आला हे शेवटपर्यंत कळले नाही. बोईसरला इतिहास शिकवण्यात हयात गेली, निवृत्त झाल्यावर घिवलीच्या आमच्या वाडीत राहायला आलो. जुन्या कादंबऱ्यांतले डॉक्टर क्षयाच्या रोग्याला समुद्रकाठी हवापालटाला पाठवत. मी आधीच समुद्रकाठी होतो. मला पाठवायला जागाच उरली नव्हती. मग घरच्यांनी मला वाडीच्या टोकाला, चिकूच्या पेट्या ठेवायच्या खोलीत पाठवले.

त्याच सुमाराला बोईसरकडे एका संशोधनाचे केंद्र उघडले होते. अशा हट्टी टीबीवर कमी गोळ्या, कमी महिने देऊन भागते का, हे त्यांना पाहायचे होते. मी संमतिपत्र दोनदा वाचले. लेखन बरे होते. तुम्ही या अभ्यासातून कधीही, कारण न देता बाहेर पडू शकता, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. खोलीतून बाहेर पडण्याबद्दल काही नव्हते.

आणि मला घाई होती. आमची एकुलती एक मुलगी पालघरला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलेच असते. माझ्या बायकोने पाळणा माळ्यावरून उतरवून तेलपाणी करून ठेवला होता. पण विहिणीचा एकच प्रश्न होता आणि तो रास्त होता: "तुमच्याकडे पाठवायची, पण बाबांचं काय?"

केंद्रावरच्या डॉक्टरांना मी तेच विचारले. ते म्हणाले, "औषधं चांगली लागू पडताहेत. आता तुमच्यापासून बहुधा कुणाला धोका नाही. पण अभ्यासाच्या हिशेबानं लागोपाठ दोन कल्चर निगेटिव्ह आले की मग मी ठामपणे सांगेन."

'बहुधा' हा शब्द मी वर्गात पुष्कळ वापरला आहे. सातवाहनांबद्दल तो चालतो. गरोदर मुलीला त्या शब्दावर कुणी पाठवत नाही.

कल्चर म्हणजे काय ते समजायला वाडीतल्या माणसाला वेळ लागत नाही. छातीतून आलेला बेडका प्रयोगशाळेत नेतात आणि त्यातले जंतू बाटलीत खाऊपिऊ घालून वाढवू पाहतात. टीबीचा जंतू आळशी, त्याला उगवायला आठवडे लागतात. तेवढी वाट पाहूनही काही उगवले नाही तर निगेटिव्ह. बी पेरायचे आणि उगवू नये म्हणून देवाला हात जोडायचे, अशी शेती मी प्रथमच करत होतो.

पहिले कल्चर निगेटिव्ह आले. एकच राहिले होते.

मधल्या काळात केंद्राचे औपचारिक उद्घाटन झाले. रुग्ण तिथे कधीचे गोळ्या घेत होते, पण फीत कापल्याशिवाय औषध लागू पडत नसावे. आम्हा रुग्णांना मास्क लावून मंडपाच्या कडेला, दोरीच्या पलीकडे, उन्हात उभे केले होते. समई वाऱ्याने तीनदा विझली. पाहुण्यांनी भाषणात आम्हाला या संशोधनाचा श्वास म्हटले आणि बोलताना आमच्याकडे एकदाही पाहिले नाही. मग प्रोटीनच्या पावडरीचे डबे वाटायचे होते. फोटोत पाहुण्याचा हात आणि रुग्णाचा हात डब्यावर एकत्र यायला हवेत आणि दोघांतले अंतरही राखायला हवे, हे भूमितीचे कोडे फोटोवाल्याने आम्हाला हात लांब करायला लावून सोडवले. माझ्या शेजारी सरावलीच्या खोल्यांत राहणारा एक कामगार होता. तो मास्कच्या आतून पुटपुटला, "सर, डिब्बा ले लो, बाद में हाथ गिन लेना।" हसू आले, पण हसल्यावर पूर्वी येई तो खोकला आला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या कल्चरची वेळ आली. केंद्राची ताई सकाळी झाकणाची छोटी बाटली घेऊन आली. ही मुलगी विक्रमगडकडची. घरोघर फिरून नमुने गोळा करायचे हे तिचे काम, आणि मला ती काका म्हणे.

"काका, चूळ भरा. साध्या पाण्यानं. मग मोठा श्वास घ्या आणि आतून खाकरा."

मी खाकरलो. बाटलीत जे पडले ते तिने उजेडाकडे धरले.

"ही थुंकी झाली, काका. बेडका पाहिजे."

"तो गेला. तुमच्याच गोळ्यांनी घालवला."

"हो ना, त्याचाच पुरावा पाहिजे," ती म्हणाली आणि तिचे तिलाच हसू आले.

मी बरा झालो असेन तर बेडका नाही. बेडका नाही तर तपासणी नाही. तपासणी नाही तर मी बरा झालो असे कुणी म्हणणार नाही. नोकरशाहीवर मी पुष्कळ वाचले आहे, पण इतके बिनचूक वर्तुळ सरकारलाही जमलेले पाहिले नव्हते. हे तर माझ्याच छातीने काढले होते.

ताई दोन दिवसांनी परत येते म्हणून गेली. ते दोन दिवस मी खोलीत बसून खोकल्याची आराधना केली. खोलीला एक दार, एक खिडकी. खिडकी सदैव उघडी ठेवायची अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे वाडीत कोण आले, कोण गेले, कोण माझ्याबद्दल काय बोलले, सगळे ऐकू येई. बोलणाऱ्यांना वाटे, आजारी माणसाला ऐकू कमी येते. त्यातच जवळच्या अणुवीज केंद्राची सराव-कवायत आली. भोंगा वाजला की गावाने दारे-खिडक्या लावून घरात बसायचे. गाडीवरून पुकारा झाला, सगळ्या वाडीत खिडक्या धडाधड लागल्या. माझ्या बायकोने अंगणातून विचारले, "अहो, तुम्ही काय करता? लावता की उघडी ठेवता?" एका खात्याचा हुकूम बंद करण्याचा, दुसऱ्याचा उघडी ठेवण्याचा. मी डॉक्टरांचे ऐकले. कवायत संपेपर्यंत साऱ्या घिवलीत माझीच खिडकी उघडी होती. त्या दिवशी गाव घरात अडकले आणि मला जरा सोबत वाटली. भोंगा पुन्हा वाजला, लोक बाहेर आले. मी होतो तिथेच.

सातपाटीहून आमच्याकडे मासळी घेऊन येणारी एक कोळीण आहे. पाटी उतरवल्याशिवायच तिने बायकोकडून सगळी हकिगत काढून घेतली आणि माझ्या खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "भाऊ, खोकला पायजे ना तुमाला? आमच्या वाळवणावर येऊन बसा. बोंबील सुकताना शिकलेला मानूस पन खोकतो."

"मला केंद्राशिवाय कुठं जायची परवानगी नाय," मी म्हणालो.

"मंग बोंबील आनून देते. त्याला परवानगी हाय ना?"

बोंबील आले. मी ते हुंगले. भूक लागली.

संध्याकाळी माझा धाकटा भाऊ खिडकीपाशी आला. तो विडी ओढतो. त्याने आधी इकडे तिकडे पाहिले.

"दादा, माझा घे."

"काय घेऊ?"

"बेडका. मला बारा महिने खोकला हाय, आनि माझी तपासनी त्यांनीच केली, टीबी नाय. बाटली दे, सकाळी भरून ठेवतो. पोरगी घरी येईल, विषय संपला."

भाऊबंदकीवर मी वर्षानुवर्षे बोललो. भावाने भावाचे राज्य घेतल्याची उदाहरणे मला तोंडपाठ आहेत. भावाने भावाला बेडका देऊ केल्याचे एकही नाही. मी त्याला नको म्हटले. सचोटीचा यात काही भाग असेल, पण खरे कारण वेगळे होते. त्याच्या बाटलीने विहिणीची खात्री पटली असती, माझी पटली नसती. आणि बाळाला मांडीवर घेणार होतो मी.

"तुझं तू बघ," तो म्हणाला आणि विडी पेटवून चिकूंकडे निघून गेला.

सकाळी बायकोने स्वतःचा मार्ग काढला. तिने माझ्या दाराबाहेर शेगडी मांडली आणि तव्यावर सुक्या मिरच्या भाजायला घेतल्या. तिखट धुराचा खाट उठला. कोंबड्या पळाल्या, भाऊ शिव्या देत बाहेर आला, शेजारच्या वाडीतून कुणीतरी लग्न आहे का म्हणून विचारले. मला असा ठसका लागला की डोळ्यांपुढे अंधारी आली. किती महिन्यांनी आतून, तळातून खोकलो. ती दारात पदर नाकाला लावून उभी होती, डोळ्यांतून पाणी गळत होते, आणि ती म्हणत होती, "येऊ दे. येऊ दे."

घशाची आग होत होती. तिने घाईने ताकाचा पेला पुढे केला. ठसका लागला की ताक द्यायचे, हे तिने विचार करून केलेले नव्हते, तिच्या हातानेच ते केले. मी दोन घोट घेतले आणि पुन्हा खोकलो, आणि आला. घट्ट, खराखुरा. मी बाटलीचे झाकण लावले. बायकोने ती दुरूनच पाहिली आणि हात जोडले. लग्नानंतर माझ्या कुठल्याही कर्तृत्वाला तिने हात जोडल्याचे आठवत नाही.

ताईलाही बाटली पसंत पडली. पुन्हा आठवड्यांची वाट. बायकोने डिंक आणून ठेवला. मुलगी रोज फोन करी आणि शेवटी विचारी, "बाबा, आलं का?" आणि मी म्हणे, "नाही उगवलं अजून. छान चाललंय."

मग ताई आली. हातात नवी, रिकामी बाटली होती, तेव्हाच मला कळले.

"काका, टीबीचं काही नाही आलं. पण दुसरेच जंतू इतके वाढले की नमुना बाद धरलाय. निगेटिव्ह पण नाही, पॉझिटिव्ह पण नाही." मग तिने विचारले, "खोकायच्या आधी तोंडात काही घेतलं होतं का?"

बायकोने अंगणातून सांगितले, "ताक."

पीक आले नव्हते, तण आले होते. नंतर डॉक्टरांनी फोनवर सांगितले की ताकामुळेच झाले असे म्हणता येणार नाही, नमुने कितीतरी कारणांनी बाद होतात. मी ते बायकोला जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले. त्यानंतर बरेच दिवस घरात ताक घुसळले गेले नाही, दूध तसेच विकले गेले. मी एकदा मागितलेही. ती म्हणाली, "विरजण नाही."

मुलीला आता प्रवास नको, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले. पालघर आमच्यापासून काही लांब नाही. एसटीने गेले तर वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत येते. पण बाळंतपण तिकडेच करायचे ठरले. तिने मला फोन केला.

"आई रडतेय का?"

"नाही. भांडी घासतेय."

"मग रडतेय," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही मुद्दाम ताक प्यायलात ना? पाळणा हलवायचा कंटाळा म्हणून?"

मी हसलो. तीही हसली, आणि मग फोन नुसताच चालू राहिला. माझ्या खिडकीतून येणारा झावळ्यांचा आवाज ती ऐकत असावी. शेवटी तिने फोन बंद केला.

पुढचा नमुना केंद्रावर जाऊन दिला. तिथे यंत्रातून खारट पाण्याची वाफ हुंगायला देतात, तिने छातीतले सुटून येते. जन्मभर खाऱ्या वाऱ्यात राहिलो, त्याने काही झाले नाही. शुद्ध केलेले खारे पाणी अधिक गुणकारी निघाले. पुन्हा बाटली, पुन्हा आठवडे, गोळ्या, तळपायांना मुंग्या, छातीला तारा लावून घेतलेला ईसीजी. या वाटेत नातीचा जन्म झाला. बायको पालघरला गेली आणि मी खोलीत फोनवर एका गुंडाळलेल्या कापडाचे फोटो पाहिले.

मग दुसरे निगेटिव्ह आले. ताईने दारातूनच सांगितले, "काका, सुटलात." कागद तिने हातात दिला. तो घडी करून मी खिशात ठेवला आणि त्याच दिवशी पालघरची गाडी धरली.

विहिणीने स्वागत नीट केले. चहा दिला, विचारपूस केली. माझ्यासाठी खुर्ची मात्र खिडकीखाली, पलंगापासून लांब मांडलेली होती, आणि खिडकी पूर्ण उघडी होती. खिशातला कागद काढावा असे एकदा वाटले. मी तो काढला नाही. बायकोनेही माझ्याकडे पाहिले नाही. मी त्या खुर्चीत जाऊन बसलो. मला तिथे बसायची सवयच होती.

मुलगी पलंगावरून उठली. बाळाला घेऊन आली, माझ्या मांडीवर ठेवले, माझा हात उचलून त्याच्या मानेखाली सरकवला. मग माझ्या डोक्यावरून वाकून तिने खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली.

"वारा लागतो तिला," ती सासूला म्हणाली.