मी न पोचवलेला निरोप

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात दाराआडून ऐकलं. सासूबाई थोरल्या भाऊजींना म्हणत होत्या, "सख्ख्या भावाला बाहेर ठेवून दार लावलंस. हात तरी कसा धजला तुझा?"

"हुकूम होता, आई."

"मग हुकमालाच आई म्हण."

तेव्हापासून मायलेक एका घरात राहून माझ्यामार्फत बोलायचे. त्याला विचार जेवणार का, तिला सांग पाणी तापलंय. मी म्हणजे घरचं टपालखातं.

लढाईत भाऊजी डोंगरावरच्या किल्ल्यात दारावर शिपाई होते, मधले भाऊजीही तिथेच. मधले परत आले नाहीत. पुढे तोफा गंजल्या, लोक तिकीट काढून किल्ला बघायला येऊ लागले, आणि दार उघडायला-लावायला पुन्हा थोरल्यांनाच ठेवलं.

एकदा ते चष्मा घरी विसरले, तो द्यायला मी वर गेले. माझे गुडघे कुरकुरत होते. भाऊजींनी बसवलं, खालचा झरा दाखवला आणि न विचारताच सांगू लागले. वर पाणी नव्हतं. सातजण डबे घेऊन झऱ्यावर जायचे. धुक्यात माणूस दिसत नसे, म्हणून आत येताना प्रत्येकाने डबा दारावर आपटायचा आणि भाऊजींनी मोजायचं. त्या दिवशी सात आवाज झाले, भाऊजींनी अडसर घातला. पण त्या सातांतल्या मधल्यांचा पाय वाटेत मुरगळला होता. डबा त्यांनी सोबत्याच्या हाती पुढे धाडला होता, आणि त्याने दोन्ही डबे आपटले होते. तेवढ्यात गोळीबार सुरू झाला.

"मी डबे मोजले, माणसं मोजली नाहीत," भाऊजी म्हणाले. "हुकूम वगैरे लाजेपोटी सांगितलं. आईला एवढं तू सांग. मला जमत नाही."

मी बरं म्हटलं. इतके निरोप पोचवले, हाच जिभेवर येईना. आज सासूबाईंना खोकला, उद्या घरात पाहुणे. दोन वर्षं अशीच ढकलली, आणि सासूबाई गेल्या, थोरल्याने जाणूनबुजून दार लावलं असं समजूनच. भाऊजी मला अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ते किल्ल्यावर जात राहिले. शेवटच्या दिवशी छातीत दुखत होतं, पण घरी राहा म्हटलं तर ऐकेनात. तिकीटवाल्याने नंतर सांगितलं, बघायला आलेले सगळे खाली गाडीत बसलेले दिसत होते. तरी भाऊजी रोजच्यासारखे झऱ्याच्या वळणापर्यंत उतरले, कोणी राहिलंय का म्हणून हाक मारली, जरा थांबले. मग वर येऊन त्यांनी दार लावलं.