अक्रोडाचा वास

इमारतीत तिला सगळे ‘अक्रोडवाल्या वहिनी’ म्हणत. वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की तिच्या स्वयंपाकघरात ओव्हन पेटे, आणि तिसऱ्या मजल्यावरून भाजल्या अक्रोडांचा आणि जळत्या साखरेचा वास जिन्यातून खाली उतरे. खाली लोण्याचा खुसखुशीत थर, वर साखर जाळून केलेल्या पाकात गच्च बसवलेले अक्रोड, असे ते बार. लोक महिनाभर आधी सांगून ठेवत. ही विद्या सासूची. सासूने ती पोटच्या मुलीला न देता सुनेला दिली, आणि देताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: “घड्याळाकडे बघू नकोस. नाक सांगेल तेव्हा काढ.”

त्या वर्षी सुट्ट्यांच्या आधी तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. पहिल्यांदा कळलं ते दूध उतू जाऊन करपलं तेव्हा. ती शेजारीच भाजी निवडत बसली होती. मग तिने कांदा कापून नाकाशी धरला, लसूण ठेचला, शेवटी फिनेलची बाटली उघडून हुंगली. काही नाही. जणू नाकाच्या जागी कुणी नुसतं चित्र काढून ठेवलं होतं. चवही गेल्यात जमा होती. जिभेला गोड-खारट कळे, त्यापलीकडे सगळा ओला पुठ्ठा.

डॉक्टर म्हणाले, “येईलही. नाही येणार असंही होतं काही जणांचं. वाट बघायची.”

तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ. वास गेलेल्या बाईच्या हातचं कोण खाणार?

आणि ती नेहमीसारखी कामाला लागली. रंगावर नजर ठेवून अक्रोड भाजले, रंगावरच पाक उतरवला. पहिला घाणा निवल्यावर तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवला. नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर, स्वभावाने गरीब गाय. मीठ विसरलं तरी त्याचं उत्तर ‘छान’, दुप्पट पडलं तरी ‘छान’.

“कसे झालेत?”

“छान,” तो म्हणाला, आणि लगेच पाणी प्यायला उठला.

डबे घरोघर गेले. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. एरवी जिन्यात बायका अडवून कौतुक करत, त्या आता चपला घालता घालता हसून निघून जात. तिसऱ्या दिवशी ती कचरा टाकायला खाली गेली आणि पिंपाचं झाकण उचलताच हात तसाच राहिला. आत तिचेच बार होते. एका घरचे नव्हेत. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलेले, कुणी भाजीच्या देठांखाली दडवलेले, कुणी तसेच.

वर येताना तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका दारात भेटल्या. तिचा चेहरा बघून त्यांनी विषय टाळला नाही. “वहिनी, अक्रोड खवट होते हो. आणि पाकही कडू लागला. तुमच्याकडून असं कधी झालं नाही, म्हणून कुणाची जीभ रेटेना.”

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं, “अहो, तुम्हाला कळलं होतं?”

तो म्हणाला, “पहिल्या घासालाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“आता काय वाटतंय मला?” तिचा आवाज चिरकला. “सगळ्या इमारतीने थुंकलं माझ्या हातचं. मला वास येत नाही. काहीच येत नाही. घर पेटलं तरी मला कळायचं नाही.” तिने ओट्यावरचा ट्रे उचलला आणि मोरीत आपटला. नवरा जागचा हलला नाही. त्याला हात पुढे करावासा वाटत होता, पण कुठे ठेवावा हे सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. नवे अक्रोड घ्यायचे, चूक भरून काढायची, एवढंच डोक्यात. दुकानदाराने मूठभर अक्रोड तिच्या तळहातावर ओतले. “वास घेऊन बघा, ताजा माल आहे.” तिने हात नाकाशी नेला, डोळे मिटले, मान हलवली. मग अक्रोड परत पोत्यात सोडले आणि काही न घेता बाहेर पडली. रस्त्यात तिला रडूही येईना.

ती घराकडे वळली नाही. बस धरून थेट नणंदेकडे गेली. सासू गेल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं. तेव्हा नणंद सगळ्यांदेखत म्हणाली होती, “माझ्या आईचा हात तू बळकावलास.” ते शब्द हिने आजवर गिळले नव्हते, आणि तिनेही परत घेतले नव्हते.

नणंदेने दार उघडलं, पण ‘ये’ म्हणाली नाही.

“ताई, मला तुमचं नाक हवंय,” ती उंबऱ्यातच म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

नणंद चौकटीला टेकली. “मला करता येत नाही ते. आईने शिकवलंच नाही.”

“करते मी. कधी काढायचं तेवढं सांगा. तुम्ही त्या वासात वाढलात.”

नणंद आली. आल्या आल्या तिने अक्रोडांचा डबा उघडला, नाक मुरडलं आणि घरातले सगळे अक्रोड फेकायला लावले. नवे स्वतः हुंगून आणले. मग दोघी ओव्हनपुढे बसल्या. आपल्याच स्वयंपाकघरात ती परक्यासारखी हुकमाची वाट बघत होती.

“काढू?”

“थांब.”

“रंग आलाय, ताई.”

“थांब म्हटलं ना. आता. काढ, काढ.”

ट्रे बाहेर आला. नणंदेने डोळे मिटून श्वास ओढला आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. हिने तिच्या चेहऱ्याकडे अधाशासारखं पाहिलं.

“कसा येतोय?”

“कसा म्हणजे? नेहमीचा.”

याहून जास्त नणंदेला सांगता येईना. वास शब्दांत धरायला गेली आणि दोनदा तोंड उघडून मिटली. “अगं, आई केस विंचरायची ना माझे, ओव्हन चालू असताना,” एवढंच म्हणाली, आणि पदराने गरम ट्रे सरकवू लागली.

संध्याकाळी डबे घेऊन ती स्वतः दारोदार गेली. प्रत्येक दारात तेच बोलली: “मागचे खवट होते. मला वास येत नाही. हे माझ्या नणंदेने बघून दिलेत.” मुख्याध्यापिकांनी तिथेच एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “जिन्यात दुपारीच वास आला, तेव्हाच कळलं.”

ती जिना चढू लागली. लोक दारं उघडून खोल श्वास घेत होते. तीही मधल्या पायरीवर थांबली, कठड्याला धरून छाती भरेपर्यंत हवा ओढली. पुन्हा ओढली. नुसती गार हवा.

आज चार वर्षं झाली, वास आलेला नाही. नणंद दर सुट्टीआधी येते, दोघी ओव्हनपुढे बसतात आणि पाकावरून भांडतात. बार उत्तम होतात असं सगळे म्हणतात. ती स्वतः एकही खात नाही.