शेवंताच्या कोंबड्या आन् परतूरची पोरं

शिकवल्या. कोंबड्या धरायला शिकवल्या मी पोरांना. मंग? त्या ड्रिल मास्तरनं हेच घातलं ना तुमच्या कानात, रामभाऊ? हा कापसाच्या जिनिंगचा मुकादम दुसरीपस्तोर शिकलेला, त्याला काय कळतंय ब्याटमिंटनमधलं, पोरीचे पाय मोडून ठेवील, मंग तिला कोण करून घेईल? आन् तुमी ऐकून बसलात. तो मास्तर आत्ता हितं असता तर त्याच्याच तोंडावर बोललो असतो. तो न्हाई, म्हणून तुमच्यावर वरडू राह्यलो. चहा घ्या, निवू राह्यला.

उद्या सकाळच्या गाडीनं कुसुमला औरंगाबादला जायचंय. सगळ्या मराठवाड्यातून आठ पोरी निवडल्या, त्यातली एक तुमची. पंधरा दिवसांचं शिबिर. संगं आपल्या डॉक्टरांची बायको, डॉक्टरीणबाई हायेत. आन् बाप म्हणतो, मी पाठवत न्हाई.

ह्या तीन सालातल्या गोष्टी जिनिंगातल्या सरकीसारख्या साचल्यात बघा. एक घमेलं उचललं की वरून दोन घसरतात. हाताला लागतील तेवढ्या सांगतो. ऐका, मंग काय ते बोला.

*

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या साली हे डॉक्टर सरकारी दवाखान्यात आल्ते. बायको, दोन ट्रंका आन् एक लांबडी पिशवी. पिशवीत रॅकेटी आन् त्यांनी मारायची पिसांची फुलं, डबे भरून. पहिल्याच आठवड्यात जिनिंगवर येऊन मला म्हणले, "मुकादम, बिलकुल वारा नसलेली जागा पाहिजे."

मला वाटलं, काही औषध वाळवायचं असंल. तर म्हणले, खेळायचंय.

मी त्यांना रुईच्या गोदामात नेलं. उन्हाळ्याचे दिवस, गाठी रेल्वेनं गेलेल्या, निम्म्याच्या वर गोदाम खाली. डॉक्टरनं खालची चिमूटभर रुई उचलली, हात वर नेला आन् सोडली. रुई सरळ त्यांच्या बुटावर येऊन पडली. मानूस असा खूश झाला, जसं काय हिरीला पाणी लागलं.

"काय जागा आहे, मुकादम. झुळूकसुद्धा नाही."

"व्हय," म्हणलं, "म्हणून तर आमचे हमाल हितं चक्कर येऊन पडतात."

"पडू द्या की," डॉक्टर म्हणले. "आता डॉक्टर इथंच असणार."

*

जिनिंगच्या शेठजीनं संध्याकाळचे दोन घंटे गोदाम दिलं. पोरं जमली धा-बारा. हमालांची, वाण्याची, गँगमन कांबळेचा गौतम, आन् तुमची कुसुम. चुन्याच्या रेघा मारल्या, बारदान्याच्या सुतळीची जाळी बांधली.

डॉक्टर म्हणले, आधी खेळ न्हाई, आधी पाय. मधी उभं राह्यचं, पळत कोपऱ्यात जायचं, जमिनीला हात लावायचा आन् जल्दी मधी यायचं. असे सहा ठिकाणं. ह्याला म्हणायचं चपळाई.

गौतम गेला कोपऱ्यात आन् तिथंच उभा.

"गौतम, परत ये."

"डॉक्टर, फूल परत हिकडंच आलं तर? मी हितंच बरा हाय."

आता ह्याला काय सांगावं? डॉक्टर इंग्रजी पुस्तक चाळू लागले. मला दम कुठं निघतोय. मी मधल्या जागी जाऊन उभा राह्यलो आन् म्हणलं, "सासरवाडीला आलास का रं, बसून राह्यला तो? कोपऱ्याला हात लावायचा आन् मला येऊन शिवायचं. मी पाच म्हणायच्या आत न्हाई आलास, तर मी तिकडं येईन."

त्या दिवसापासून परतूरचं एक पोरगं कोपऱ्यात थांबलं न्हाई. डॉक्टरनं पुस्तक मिटलं. म्हणले, "हे यात नाही दिलेलं."

*

आता कोंबड्यांचं. पोरं पळायची जोरात, पर फूल मारायच्या आधीच पळायची. अंदाजानं. डॉक्टर घसा फाडून सांगायचे, चवड्यावर थांबा, समोरच्यानं मारलं की मंग निघा. कुणाच्या डोक्यात जात नव्हतं.

मी म्हणलं, हे तर कोंबडीचं काम हाय. तुमी आधी पळालात की ती उलटी पळती. चवड्यावर दबून राह्यचं, तिचा पाय हालला की झेपायचं. जिनिंगच्या मागं शेवंताबाई ऱ्हाती, आमच्याकडंच सरकी भरायला येती. तिच्या कुडाच्या आवारात सात कोंबड्या. पोरं आत सोडली आन् दार लावून घेतलं.

पहिल्या दिवशी नुसती धूळ आन् पिसं. वाण्याचा बाबू तर खुराड्यात डोकं घालून अडकला, त्याला पाय धरून वढला. तुमची कुसुम मात्र मधी उभी. हलंना, डुलंना. मी वरडलो, "झोपलीस का?" तेवढ्यात एक तलंग कोंबडी तिच्या बगलंतून निघाली, आन् पोरीनं अशी उचलली जशी काय शिंक्यातली भाकर.

महिनाभरानं शेवंताबाई भांडत आली. "मुकादम, माझ्या कोंबड्या अंडे देईनात. माझ्या बी हाताला लागंनात. मी उंबऱ्यात आले तरी छपरावर जातेत. ह्या तुमच्या शाळेत पोरं शिकली का कोंबड्या?"

डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणले, "कोंबड्या पास झाल्या, मावशी. पोरांना अजून महिना लागेल."

*

एक डाव मला बी खाज सुटली. तालमीतलं शरीर, म्हणलं ह्या पोराटोरांच्या खेळात काय हाय. कुसुमला म्हणलं, ये माझ्यासंगं.

रामभाऊ, ती जागची हालली न्हाई. मला मात्र पुढं बोलावलं, मागं धाडलं, परत पुढं बोलावलं. राग यायला लागला की मी अजून जोरात पळायचो, आन् जोरात पळालो की फूल मागं पडायचं. सातव्या फुलाला माझ्या धोतराचा काष्टा सुटला. पोरं तोंडावर हात धरून बसली.

कुसुमनं रॅकेट खाली ठेवली, भिंतीकडं तोंड केलं आन् म्हणली, "मामा, तुमी आवरा. मी थांबते."

म्हणून तुमची पोर बिघडली म्हणणाऱ्याला मी जोड्यानं मारीन. आन् त्या दिवसापासून गोदामात मी पैजामा घालून जातो, ते बी खरं हाय.

*

मंग आली परभणीची म्याच. पहिलीच. पोरं गाडीत बसून गेल्ती, डबे बांधून. मोठा हॉल, वर दिवे. म्हणलं आता बघा परतूरचं पाणी.

पहिला गौतम उतरला, सुरवातीला बराबर चाललं. मंग समोरच्या पोराच्या ध्यानात आलं की गौतम डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात जात न्हाई. दोन पावलं अलीकडं थांबतो आन् फूल पडताना बघत ऱ्हातो. मंग त्यानं सगळे फुलं तिथंच टाकले. गौतम हारला. बाबू उतरला. तो बी दोन पावलं अलीकडं थांबला. त्याच्यामागून अजून दोघं. तेच.

डॉक्टरचा असा चेहरा मी पेशंट मेल्यावर बी पाह्यला नव्हता. गौतमला बाजूला घेतलं. "अरे, त्या कोपऱ्यात का जात नाहीस?"

"डॉक्टर," गौतम म्हणला, "तिथं गाठी हायेत."

आमच्या गोदामात त्या कोपऱ्यात शेठजीच्या चाळीस गाठी पडून व्हत्या, मागच्या हंगामातल्या, भिजलेल्या. पोरं साल-दीड साल त्यांना धडकून धडकून शहाणी झाल्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलं काम ते केलं. सहा हमाल लावले आन् चाळीसच्या चाळीस गाठी भायेर काढल्या. शेठजी आला वरडत, "मुकादम, कुणाला इचारून हलवल्या?"

मी म्हणलं, "शेठजी, गोदामातल्या तर हलवल्या. पोरांच्या डोक्यातल्या हलवायला अजून दोन महिने लागतील. तवा तुमी मधी बोलू नका."

आन् खरंच दोन महिने लागले. मोकळ्या कोपऱ्यात जाताना बी पोरं खांदा चोरायची.

*

आता शेवटची ऐका, मंग उठा. हिला तुमचा तो मास्तर साक्षीला नव्हता. मी व्हतो.

निवडीच्या दिवशी कुसुमला घेऊन मी परभणीला गेल्तो. औरंगाबादहून एक साहेब आल्ते, हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी. त्यांनी जमिनीवर फुलं मांडली आन् पोरींना मधून पळवलं, नजर वर, साहेबाच्या हातावर. साहेब हात दाखवील तिकडं जायचं. एकेक पोर पळायची आन् फुलं चिरडायची. कुणी चार, कुणी सहा.

कुसुम अनवाणी उतरली. एक बी फूल हाललं न्हाई.

साहेब म्हणले, परत. परत तेच. मंग साहेबानं अख्खा डबा वतला, पाय ठेवायला जागा ठेवली न्हाई. कुसुम गेली, आली, गेली, आली. मान वरच. मी खाली बघत व्हतो, ती न्हाई.

साहेबानं घड्याळ खिशात टाकलं. "पोरी, खाली बघायला लागत नाही तुला?"

"न्हाई."

"कुणी शिकवलं हे?"

मी पैजाम्याची नाडी खोसली आन् एक पाऊल पुढं झालो.

कुसुम म्हणली, "दादांनी."

दादा म्हणजे तुमी, रामभाऊ. माझ्याकडं तिनं पाह्यलं बी न्हाई.

साहेब म्हणले, "ते खेळाडू आहेत का?"

"न्हाई. कपाशी दोन पानावर आली की मी भाकर घेऊन शेतात पळत जाते. रोपावर पाय पडला की दादा बांधावरून ढेकूळ फेकून मारतेत."

"लागतं का?"

"आधी लागायचं."

साहेबानं कागद पुढं वढला. शिकवणाऱ्याचं नाव म्हणून रकाना असतो, तिथं तुमचं नाव लिहिलं. आडनावासकट. मी उभा राहून सांगितलं, स्पेलिंग त्यांचं त्यांनी केलं.

गाडी सकाळी हाय. पोरीला घेऊन ठेसनावर या.