चिनी फेरीवाल्याचा राजा

निजामाच्या हद्दीत शिरताना, भोकरदनच्या अलीकडे, जकातीचा नाका होता. तिथे रांगेत माझ्यापुढे उभा असलेला चिनी फेरीवाला मला अजून आठवतो. त्याच्या सायकलीवर रेशमी कापडाचे दोन गठ्ठे होते. भोकरदनचा आठवडी बाजार दुपारनंतर मोडायचा. त्याआधी तो पोचला नसता, तर त्याची सगळी फेरी वाया गेली असती.

कारकुनाच्या वहीत परक्या माणसाच्या राजाचे नाव लिहावे लागे.

"तुमचा राजा कोण, चिनीशेठ?"

"राजा न्हाई, साब. काढून टाकला."

राजा काढता येतो, हे त्या नाक्यावर आजवर कोणी बोलले नसावे. कारकुनाने भिंतीवरच्या हुजुरांच्या तसबिरीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"हळू बोला! मंग हुकूम कुणाचा चालतो?"

फेरीवाला एकेक बोट उघडत गेला. "एक सेनापती होता. मी जहाजात बसलो, दुसरा आला. कलकत्त्याला उतरलो, तर तिसरा."

"अन् आज?"

"आजचा अखबार न्हाई पाहिला, साब."

रकाना कोरा ठेवायची कारकुनाला परवानगी नव्हती. बराच विचार करून त्याने 'जागा रिकामी' असे लिहिले, शिक्का मारला आणि गठ्ठे जाऊ दिले. मग मात्र त्याला राहवेना.

"पर बिनराजाचं चालतं कसं हो?"

फेरीवाल्याने सायकलीवर टांग टाकली.

"चाललं असतं, तर मी इथं आलो असतो?"