जहाजाच्या पोटातली पेटी

नवऱ्याने विलायतेहून बोटीचं तिकीट पाठवलं, त्यासोबत दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या होत्या. एक खोलीत जवळ ठेवायच्या सामानाला लावायची, दुसरी जहाजाच्या पोटात जाणाऱ्या सामानाला. पोटात गेलेलं सामान विलायतेचा किनारा लागेपर्यंत हाती येणार नव्हतं. कशाला कुठली चिठ्ठी, हे आमच्या देवळीच्या घरात बाबा ठरवणार होते. जाणार मी होते, पण मला विचारतो कोण.

आईने त्याआधीच मोठी पेटी भरून ठेवली होती. तिला माहीत असलेला प्रवास आगगाडीचा, आणि आगगाडीत पेटी बाकाखाली सरकवली की हाताशीच असते. म्हणून बाईमाणसाला दर महिन्याला लागतात ती कापडं तिने पेटीच्या अगदी तळाशी दडवली. वर शाल, वर लुगडी. पुरुषाच्या नजरेला पडायला नकोत. घरातली जुनी लुगडी फाडून तिने ती केली होती, उरलेसुरले तुकडे वाकळेत गेले होते. बोटीचा प्रवास जवळजवळ तीन आठवड्यांचा. त्यात माझी पाळी येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाबा कापसाच्या प्रेसमध्ये होते. रुईच्या गाठी बांधून घ्यायच्या, त्यांवर मार्का मारायचा, हे त्यांचं काम. निघायच्या आदल्या दिवशी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले, तर ओसरीवर पेटी नव्हतीच, गाठ होती. बाबांनी तिला गोणपाट शिवलं होतं, वरून प्रेसमधल्या लोखंडी पट्ट्या आवळल्या होत्या आणि आता काळ्या रंगाने माझं नाव काढत होते. शेजारचे दोघंतिघं कौतुकाने बघत बसले होते.

"हे आता थेट विलायतेत खुलन," बाबा म्हणाले. "जहाजात काय लागते? दोन लुगडे, टावेल, फणी. थे थैलीत टाक."

आईकडे पाहिलं, तर ती दारात पांढरीफटक उभी. तिलाही तेव्हाच कळलं होतं. मी तिला आत ओढलं.

"आता कसं करू?"

"नवं कापड फाडून देऊ काय?"

"नवं टोचते, आई. अन् भिजत बी नाई."

"मंग शेजारीणबाईले मागून पाह्यतो."

म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळलं असतं. मी नको म्हटलं. मला आईचा राग आला, बाबांच्या पट्ट्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या शरीराचा आला.

शेवटी बाहेर येऊन म्हटलं, "बाबा, पेटी एकडाव खोलता येईन काय?"

"काऊन?"

"एक पुस्तक राह्यलं आतमंदी."

"पुस्तक वाचाले चालली का नवऱ्याकडं?" बाबा हसले, शेजारीही हसले. "ह्या पट्ट्या आता छिन्नीनंच तुटतीन. कोनतं पुस्तक? मी घेऊन देतो वर्ध्याले."

मला एकाही पुस्तकाचं नाव आठवेना. कान तापले, डोळे भरले. आई दारातून म्हणाली, "अवो, पोरीले..." आणि तिथेच थांबून तिने पदर सारखा केला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं हसू गेलं. शेजाऱ्यांना त्यांनी "चला, झालं आता" म्हणून वाटेला लावलं आणि ते आत गेले.

परत आले ते हातात धोतरांची घडी घेऊन. पिशवीत लुगड्यांच्या खाली त्यांनी ती स्वतः सारली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जहाजात आंग पुसाले लागते. जुनं हाये, मऊ हाये."

मऊ हा शब्द ऐकला आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी बाजूला बसले की हा माणूस त्या कोपऱ्याकडे मान वळवत नसे. त्याला सगळं ठाऊक होतं, कापड कसं लागतं तेसुद्धा. उपकार वाटायला हवे होते. मला नुसती लाज वाटली, अंगावर कपडे नसल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या फलाटावर मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मान खाली, त्यामुळे दिसलं ते फक्त त्यांचं लग्नाकार्यातलं जरीकाठी धोतर. लेक विलायतेला निघाली म्हणून मिरवतायत, असं वाटून आणखी ओशाळले. "पोचली का चिठ्ठी टाकजो," ते खिडकीशी म्हणाले. मी मान हलवली. गाडी हलली तरी मान वर केली नाही.

एडन मागे पडल्यावर पाळी आली. खोलीतल्या दुसऱ्या बाया जेवायला गेल्या तेव्हा दार लावून मी पिशवीतली घडी काढली. धोतरं दोन निघाली. एक बाबा नेसायचे तेव्हा दुसरं दोरीवर वाळत असायचं. तिसरं होतं ते जरीकाठी. फलाटावर ते नेसून आले कारण नेसायला दुसरं उरलंच नव्हतं. प्रेसमध्येही ते तेच नेसून गेले असणार, आणि तिथल्या माणसांनी विचारलं असणार, आज काय लग्न आहे का. मी धोतर दातांनी फाडलं आणि खूप रडले.